नव्या डोमेन एक्स्टेन्शनच्या अर्जावर हरकत कशी घ्यावी, आणि आपल्याच अर्जावर आली तर काय करावे

‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ यांच्या रांगेत बसणारे नवे एक्स्टेन्शन कुणालाही मागता येते, हे आपल्याकडे बहुतेकांना २०१२ साली कळले. इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्या वर्षी प्रत्येकी १,८५,००० डॉलर शुल्क लावून अर्ज मागवले आणि १,९३० अर्ज आले. १३ जून २०१२ रोजी यादी जाहीर झाली, तेव्हा तीत क्रायस्लर कंपनीने आपल्या ‘रॅम’ ट्रकसाठी मागितलेले एक्स्टेन्शन होते. रोमन लिपीत त्याची अक्षरे ‘राम’ अशीही वाचली जातात, म्हणून भारत सरकारने आक्षेप घेतला. रिलायन्स इंडस्ट्रीजने मागितलेल्या ‘डॉट इंडियन्स’लाही सरकारचा विरोध होता. जुलै २०१३ मध्ये दरबानच्या बैठकीत आयकॅनच्या सरकारी सल्लागार समितीने, म्हणजे देशोदेशींच्या सरकारांच्या समितीने, या दोन्ही आक्षेपांची नोंद घेतली. ही दोन्ही एक्स्टेन्शन्स आज अस्तित्वात नाहीत.

पुढच्या फेरीत अर्ज घेण्याची मुदत ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६ आहे आणि मूळ शुल्क २,२७,००० डॉलर. अर्जांची यादी जाहीर झाली की आपले नाव दुसऱ्याने मागितल्याचे कळणार. त्यानंतर हरकतीसाठी जो वेळ मिळतो तो ठरावीक असतो आणि वाढवून मिळत नाही. कारण चुकीचे निवडले आणि मुदत संपली, तर योग्य कारणाखाली नव्याने हरकत घेता येत नाही. म्हणून यादी येण्याआधीच पूर्वतयारी झालेली असावी. खाली दिलेले दिवस, पानांची मर्यादा आणि संस्थांची शुल्के २०१२च्या नियमांतली आहेत. हरकतींची चार कारणे नव्या फेरीतही तीच आहेत, पण कागद दाखल करण्यापूर्वी आकडे नव्या अ‍ॅप्लिकंट गाइडबुकमधून, म्हणजे आयकॅनच्या नियमपुस्तिकेतून, ताडून घ्या.

पहिली पायरी: वाद कोणत्या खात्यात मोडतो ते ठरवा

औपचारिक हरकत फक्त चार कारणांवर घेता येते, आणि प्रत्येक कारणासाठी हरकत घेण्याचा अधिकार वेगवेगळ्या लोकांना आहे. सर्वांत जास्त गफलत इथेच होते.

नावांच्या सारखेपणाची हरकत फक्त दोघांना घेता येते: आधीपासून एक्स्टेन्शन चालवणाऱ्याला, किंवा त्याच फेरीतल्या दुसऱ्या अर्जदाराला. साध्या डोमेनच्या मालकाला हा मार्ग बंद आहे, त्याची वेबसाइट कितीही जुनी असो. निकालाचा परिणामही हरकतदारानुसार बदलतो. चालू एक्स्टेन्शनच्या मालकाने हरकत जिंकली तर समोरचा अर्ज बाद होतो. अर्जदाराने जिंकली तर दोन्ही अर्ज एकाच स्पर्धा-गटात, म्हणजे ज्यांतून एकालाच नाव मिळते अशा अर्जांच्या गटात, जातात आणि वाद बहुधा लिलावाने सुटतो. म्हणजे अर्जदाराने हरकत जिंकली तरी त्याला लिलावात पैसे मोजावे लागू शकतात. हा हिशेब हरकत घेण्याआधी करायचा असतो.

कायदेशीर हक्कांची हरकत ट्रेडमार्कधारकासाठी आहे. मार्क नोंदणीकृत हवाच असे नाही, प्रत्यक्ष वापरातून मिळालेले हक्कही चालतात. मर्यादित सार्वजनिक हिताची हरकत कुणीही घेऊ शकतो, मात्र ती हिंसेला चिथावणी, वंश-धर्म-लिंग वगैरेंवरून भेदभाव, बालकांचे लैंगिक शोषण, किंवा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मान्य तत्त्वांचा भंग यांपैकी एखाद्या मुद्द्यावर उभी राहावी लागते. निकाल देणारे तज्ज्ञांचे पॅनल आधी तिच्यावर धावती नजर टाकते आणि ती पोकळ दिसली तर तिथेच काढून टाकते. भावना दुखावल्या, एवढे या खात्यात पुरत नाही. चौथी समुदायाची हरकत. ती एखाद्या स्पष्ट ओळखता येणाऱ्या समुदायाशी प्रस्थापित, सततचा संबंध असलेल्या संस्थेलाच घेता येते. व्यक्तीला किंवा वाद उद्भवल्यावर घाईने नोंदवलेल्या मंडळाला नाही.

२०१२ मध्ये सारखेपणाच्या हरकती आयसीडीआर या आंतरराष्ट्रीय वादनिवारण केंद्राकडे, ट्रेडमार्कच्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, आणि उरलेल्या दोन्ही पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सकडे होत्या. चुकीच्या संस्थेकडे गेलेली हरकत आपोआप योग्य ठिकाणी पोहोचेल, या भरवशावर राहू नका.

या चारांच्या बाहेर दोन रस्ते आहेत आणि पुष्कळदा तेच जास्त उपयोगी पडतात. पहिला, भौगोलिक नावांचा. देशांची नावे मिळतच नाहीत. आयएसओ ३१६६-२ या यादीतल्या राज्य-प्रांतांच्या नावांसाठी संबंधित सरकारचा पाठिंबा किंवा ना-हरकत पत्र लागते. महाराष्ट्र आणि गोवा या यादीत आहेत, तेव्हा रोमन लिपीतले ‘डॉट गोवा’ कुणी मागितले तर त्याला सरकारी पत्राविना पुढे जाता येत नाही. मुंबई, पुणे, नागपूर यांची गोष्ट वेगळी. ती देशाच्या राजधानीची शहरे नसल्याने पत्राची अट फक्त तेव्हाच लागते, जेव्हा अर्जदार ते नाव मुख्यतः त्या शहराशी संबंधित कामासाठी वापरणार असतो. शहराचे नाव असलेल्या अर्जात उद्देशाचे उत्तर शब्द न शब्द वाचायचे ते यासाठी. हा नियम नकाशावर कुठेही लागू होतो. टाटा हे मोरोक्कोतल्या एका प्रांताचेही नाव आहे, त्यामुळे मुंबईच्या टाटा सन्सला ‘डॉट टाटा’साठी मोरोक्को सरकारच्या संमतीचा प्रश्न सोडवावा लागला होता.

दुसरा रस्ता सरकारचा, म्हणजे सल्लागार समितीतून. त्याबद्दल पुढे सांगतो.

यादी जाहीर झाल्यावरचे पहिले आठवडे

अर्जाचा मोठा भाग सार्वजनिक असतो. २०१२च्या अर्जात अठराव्या प्रश्नाखाली उद्देश, विसाव्याखाली समुदायाचा दावा आणि एकविसाव्याखाली भौगोलिक नावाचा खुलासा होता. नव्या अर्जात क्रमांक बदलले तरी या तीन गोष्टी शोधून काढा. त्या पानांची तारखेसह प्रत जतन करा, कारण अर्जदार नंतर बदलाची विनंती करू शकतो आणि तुमचा युक्तिवाद त्याच्या मूळ शब्दांवर उभा असतो.

मग जाहीर टिप्पणी नोंदवा. ती फुकट असते आणि मूल्यांकन करणाऱ्यांपर्यंत जाते. मात्र टिप्पणी म्हणजे हरकत नव्हे. टिप्पणी नोंदवून निर्धास्त बसणे ही या प्रक्रियेतली सर्वांत महागडी चूक आहे, कारण मुदत संपल्यावरच ती ध्यानात येते.

धर्म, प्रदेश, भाषा किंवा नियमनाखालचा व्यवसाय यांच्याशी प्रश्न निगडित असेल, तर त्याच आठवड्यात इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला पत्र लिहा. भारताची बाजू सल्लागार समितीत सरकारच मांडते, खासगी संस्थेला तिथे थेट जागा नाही. पत्र दोन पानांचे असावे: अर्जदार कोण, नाव काय, हानी कोणाची आणि कशी, आणि अर्ज पूर्ण थांबवायला हवा की काही अटी घालून चालेल. शेवटचा मुद्दा जरूर लिहा. ‘थांबवा’ एवढेच म्हणणारे पत्र अधिकाऱ्याला वाटाघाटीसाठी काहीच देत नाही.

सरकारकडून आधी ‘अर्ली वॉर्निंग’ जाते. तिच्याने अर्ज बाद होत नाही, पण अर्जदार विचारात पडतो. २०१२ मध्ये इशारा मिळाल्यावर २१ दिवसांत माघार घेतली तर शुल्काचा ८० टक्के भाग परत मिळत असे. त्यानंतर समितीचा औपचारिक सल्ला. आयकॅनच्या २०१६ नंतरच्या घटनेनुसार समितीचा एकमताचा सल्ला फेटाळायला संचालक मंडळाची किमान ६० टक्के मते लागतात. एकमत नसेल तर वजन बरेच घटते.

हरकतीचा कागद

एक हरकत, एक अर्ज, एक कारण. हे सूत्र पक्के ठेवा. तुमचे नाव पाच जणांनी मागितले असेल तर पाच स्वतंत्र हरकती आणि पाच वेळा शुल्क. अमेरिकी टपाल खात्याने ‘डॉट मेल’च्या अनेक अर्जदारांविरुद्ध अशाच वेगवेगळ्या हरकती घेतल्या आणि सगळ्या हरल्या.

मजकूर इंग्रजीत, जोडपत्रे सोडून ५,००० शब्द किंवा २० पाने, यांपैकी जे आधी भरेल तितकाच. त्यात दोन्ही पक्षांचे संपर्क तपशील, हरकत घेण्याचा तुमचा अधिकार, कारण, आणि हरकत का मान्य व्हावी याचे तपशीलवार विवेचन लागते. मराठी किंवा हिंदी पुरावे असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा. सगळे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखल होते आणि त्याच वेळी अर्जदाराला व आयकॅनला प्रत जाते. प्रत पाठवल्याचा पुरावाही हरकतीसोबतच लागतो. शुल्क मुदतीतच पोहोचायला हवे. भारतातून परदेशी चलन पाठवताना बँकेला दोन-तीन दिवस सहज लागतात आणि मधल्या बँका आपले शुल्क कापून घेतात, त्यामुळे रक्कम काही डॉलरनी कमी पोहोचते. पाठवताना सर्व बँक-शुल्क पाठवणाऱ्याकडे राहील असे लिहून द्या.

संस्था चौदा दिवसांत कागद तपासते. त्रुटी काढली तर दुरुस्तीला पाच दिवस मिळतात. पाच दिवसांत आपल्या संचालक मंडळाचा ठराव किंवा नवे मुखत्यारपत्र होणे अवघड, म्हणून हे दोन्ही आधीच तयार हवेत.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून वायपोचे २०१२चे दर: एका तज्ज्ञासाठी १०,००० डॉलर, त्यांत २,००० संस्थेचे आणि ८,००० तज्ज्ञाचे. तिघांच्या पॅनलला २३,००० डॉलर. दोन्ही पक्ष पॅनलचा खर्च आगाऊ भरतात आणि जिंकणाऱ्याला तो परत मिळतो. दाखल करण्याचे शुल्क परत मिळत नाही, वकिलाची फी तर नाहीच. नुकसानभरपाईही नाही. मिळते ते इतकेच: समोरचा अर्ज पुढे जाणार की नाही.

ट्रेडमार्कधारक का हरतात

वायपोकडे सत्तरच्या आसपास प्रकरणे चालली आणि हरकतदार जिंकले ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कारण समजून घेण्यासारखे आहे. आपला मार्क आणि मागितलेले नाव सारखे आहेत, एवढे सिद्ध करून भागत नाही. अर्जदाराच्या वापरामुळे मार्कच्या लौकिकाचा अन्याय्य फायदा घेतला जाईल, किंवा त्याच्या वेगळेपणाला अकारण बाधा येईल, किंवा मान्य न होण्याजोगा गोंधळ निर्माण होईल, यांपैकी एक दाखवावे लागते. पॅनल आठ निकष तपासते. त्यांत अर्जदाराचा हेतू, त्याचे त्या नावावरचे स्वतःचे हक्क आणि तो त्या नावाने ओळखला जातो का, हे येतात.

मार्क हा शब्दकोशातला साधा शब्द असेल आणि अर्जदार तो त्या साध्या अर्थानेच वापरणार असेल, तर हरकत जवळपास हरलेली समजा. कोच या पर्सच्या ब्रँडने ‘डॉट कोच’ अडवायचा प्रयत्न केला, पण कोच म्हणजे प्रशिक्षक हा अर्थ सर्वांचा होता. पिंटरेस्ट ‘डॉट पिन’वर हरली. जर्मन मर्क आणि अमेरिकी मर्क या औषध कंपन्या एकमेकांविरुद्ध गेल्या, तेव्हा दोघांचेही हक्क खरे असल्याने कुणाचीच हरकत टिकली नाही. याउलट चीनच्या सिना कंपनीने ‘डॉट वेईबो’ टेन्सेंटकडे जाऊ दिले नाही. ‘डॉट डेलमॉन्टे’चा निकालही हरकतदाराच्या बाजूने लागला, तोही तीन तज्ज्ञांपैकी दोघांच्या मताने.

म्हणून पुरावा गोळा करताना नोंदणी प्रमाणपत्रांचा गठ्ठा वरचढ ठरेल असे समजू नका. लोकांच्या मनात त्या शब्दाचा पहिला अर्थ तुमचा आहे, हे दाखवणारे काय आहे ते बघा: वर्षानुवर्षांची विक्री, जाहिरात खर्च, बातम्या, सर्वेक्षणे. आणि अर्जदाराला तुम्ही माहीत होतात याचा कागद असेल, जसे की जुना करार, पत्रव्यवहार किंवा फिसकटलेली बोलणी, तर तो जोडपत्र क्रमांक एक करा.

समुदायाची हरकत

चार गोष्टी एकत्र सिद्ध व्हाव्या लागतात: समुदाय स्पष्ट सीमांचा आहे, विरोध भरीव आहे, नावाचा समुदायाशी घट्ट संबंध आहे, आणि अर्जामुळे प्रत्यक्ष हानी होण्याची शक्यता आहे. हरकती अडकतात त्या बहुतेक चौथ्यावर. ‘आमचे नाव दुसऱ्याकडे जाईल’ ही हानी धरली जात नाही. अर्जदार नाव कसे चालवणार, कोणाला बाहेर ठेवणार, फसवणुकीला वाव कसा राहील, हे अर्जातली वाक्ये उद्धृत करून दाखवावे लागते. राल्फ लॉरेनच्या कंपनीचा ‘डॉट पोलो’ पोलो खेळाच्या अमेरिकी संघटनेच्या हरकतीवर अडला, त्यात नाव एका ब्रँडच्या बंद वापरात जाणार हा मुद्दा वजनदार होता.

विरोध भरीव असल्याचे दाखवायला सह्यांची मोहीम कमी पडते. समुदायातल्या संस्थांची त्यांच्या ठरावासह, सदस्यसंख्येसह पत्रे घ्या. मसुदा एकच फिरवू नका, सगळ्या पत्रांत तेच वाक्य दिसले की पॅनलचा विश्वास उडतो.

सारख्या दिसण्याचा खेळ

दृश्य सारखेपणाच्या तपासणीत १,९३० अर्जांतून फक्त दोन जोड्या सापडल्या: हॉटेल्स-होतेइस आणि युनिकॉर्न-युनिकॉम. रोमन लिपीत यांची अक्षरे अगदी लगटून दिसतात. बाकी वाद तज्ज्ञांपुढे गेले आणि निकाल एकमेकांशी जुळेनात. ‘डॉट कॉम’ चालवणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने ‘डॉट कॅम’च्या तीन अर्जदारांविरुद्ध ‘डॉट कॉम’शी गोंधळाची हरकत घेतली. एकाविरुद्ध ती मान्य झाली, दोघांविरुद्ध फेटाळली गेली, नाव मात्र तेच! अखेर आयकॅनला २०१४ मध्ये खास फेरतपासणी पॅनलची सोय करावी लागली आणि हरलेला अर्ज पुन्हा उभा राहिला. नव्या फेरीत एकाच भाषेतल्या एकाच शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन शेजारी नांदू शकत नाही. पण हे कुणीतरी शब्दकोशाच्या आधारासह मुदतीत कळवावे लागते.

देवनागरीत आज ‘.कॉम’, ‘.नेट’ आणि ‘.संगठन’ ही एक्स्टेन्शन्स आहेत. मराठी नाव मागणाऱ्याने सर्व एक्स्टेन्शन्सच्या मूळ यादीसाठीचे (रूट झोनचे) लिपीचे नियम आधी तपासावेत. त्यांत आकडे, जोडरेघ आणि अदृश्य जोडक चिन्हे चालत नाहीत. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ असलेला शब्द टाइप करताना कीबोर्ड आतून अदृश्य जोडक टाकत असेल, तर पडद्यावर नाव बरोबर दिसूनही तपासणीत नापास होते. युनिकोडचे एकेक चिन्ह सुटे करून पाहा.

हरकत तुमच्या अर्जावर आली तर

उत्तराला ३० दिवस. उत्तर दिले नाही तर हरकत आपोआप मान्य. उत्तर दिले पण आगाऊ खर्च भरला नाही, तरीही हरकत मान्य. हा दुसरा नियम अनेकांच्या नजरेतून निसटतो. खर्चाची मागणी आल्यापासून दहा दिवसांत पैसे पोहोचले पाहिजेत, तेव्हा रक्कम हाताशी ठेवूनच अर्ज करा.

उत्तरात सर्वांत आधी हरकतदाराचा अधिकार तपासा. तो डळमळीत असेल तर बाकी सगळे दुय्यम. पॅनल नेमल्यापासून ४५ दिवसांत निकाल अपेक्षित असतो आणि तोंडी सुनावणी क्वचितच होते. मांडायचे ते पहिल्याच कागदात मांडा.

तडजोड केव्हाही करता येते. अर्जदार स्वतःवर बंधने घालून घेऊ शकतो: ठरावीक नावे राखून ठेवणे, पात्रता तपासणे, तक्रार यंत्रणा ठेवणे. ती नोंदणी करारात उतरतात, म्हणून मोडता येण्याजोगे वचन देऊ नका. एक जुनी वाट मात्र बंद झाली आहे. २०१२ मध्ये एकाच नावाचे अर्जदार आपसांत खासगी लिलाव करून हरणाऱ्यांना पैसे वाटत. ते आता निषिद्ध आहे. त्याऐवजी अर्जासोबतच एक पर्यायी नाव देऊन ठेवता येते. ते अवश्य द्या आणि मनापासून निवडा, कारण स्पर्धेतले नाव शेवटी आयकॅनच्याच लिलावात जाते. ‘डॉट शॉप’ २०१६ मध्ये ४ कोटी १५ लाख डॉलरला गेले, ‘डॉट वेब’ त्याच वर्षी १३ कोटी ५० लाखांना.

निकालानंतर

आयकॅनच्या निर्णयाविरुद्ध पुनर्विचाराचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. त्यात निर्णय चुकला एवढे म्हणणे उपयोगाचे नाही. कोणती प्रक्रिया मोडली किंवा कोणती महत्त्वाची माहिती विचारात घेतली नाही, ते दाखवावे लागते. त्यापुढे स्वतंत्र पुनरावलोकन, ज्याची मुदत बाब कळल्यापासून १२० दिवस आहे. हे पॅनल नाव कोणाचे ते ठरवत नाही. आयकॅनने स्वतःची घटना पाळली का, इतकेच ते पाहते.

‘डॉट ॲमेझॉन’चे प्रकरण यासाठी मुळातून अभ्यासावे. ॲमेझॉन कंपनीच्या अर्जावर ब्राझील आणि पेरू यांनी इशारा दिला, स्वतंत्र हरकतदाराची (सार्वजनिक हितासाठी हरकत घ्यायला आयकॅनने नेमलेल्या व्यक्तीची) समुदाय हरकत फेटाळली गेली, तरीही सरकारी समितीच्या सल्ल्यावरून आयकॅनने मे २०१४ मध्ये अर्ज नाकारला. जुलै २०१७ मध्ये पुनरावलोकन पॅनलने कंपनीच्या बाजूने कौल दिला. सरकारांनी सांगितले म्हणून नाकारणे पुरेसे नाही, मंडळाने सार्वजनिक हिताचे कारण स्वतः तपासायला हवे, असा त्याचा आशय होता. २०२० मध्ये ते एक्स्टेन्शन सुरू झाले. त्या आठ वर्षांचा खर्च पेलणारी कंपनी वेगळी आणि कोल्हापूरचा चप्पल उत्पादक संघ वेगळा. त्यामुळे सरकारमार्फत येणाऱ्यांनी मंत्रालयाला हानीचे ठोस पुरावे द्यावेत, म्हणजे पुढे तो सल्ला टिकतो.

हरकत फेटाळली गेली तर मार्क ट्रेडमार्क क्लिअरिंगहाउसमध्ये, म्हणजे ट्रेडमार्कच्या मध्यवर्ती नोंदवहीत, नोंदवा. नवे एक्स्टेन्शन खुले होण्याआधी किमान ३० दिवसांच्या ‘सनराइज’ काळात आपले नाव आधी घेता येते, आणि खुली नोंदणी सुरू झाल्यावर किमान ९० दिवस कुणी तेच नाव घेऊ लागला तर त्याला सूचना जाते. सूचना हुबेहूब नावालाच मिळते, म्हणून स्पेलिंगचे प्रकार तुमचे तुम्हालाच पाहत राहावे लागतील.